शेजारचे घर घेतल्यावर

शेजारचे घर विक्रीस निघाले म्हणजे ते परक्याच्या हाती जाऊ देऊ नये, अशी समजूत आपल्या व्यापारी कुटुंबांत पूर्वापार चालत आली आहे. कुटुंब वाढलेले असते, मुलाचे लग्न तोंडावर असते, आणि मधली एक भिंत काढली की चार खोल्यांच्या आठ खोल्या होतात, असा सरळ हिशेब मांडला जातो. खरेदीखत झाले की दुसऱ्याच दिवशी गवंडी हजर! आमचे म्हणणे असे की, दोन्ही घरांचा धनी एक झाला म्हणून दोन घरांचे एक घर होत नाही. सरकारदप्तरी ती दोनच राहतात. भिंत काढणे हे या कामातील शेवटचे काम होय, पहिले नव्हे. येथे आम्ही बेळगावचा दाखला घेत आहोत. इतर शहरांतील बांधवांनी कायद्यांची व कचेऱ्यांची नावे आपापल्या ठिकाणची समजून घ्यावी.

प्रथम कागद. शहर भूमापनात प्रत्येक मिळकतीस स्वतंत्र सी. टी. एस. नंबर व स्वतंत्र कार्ड असते. बेळगाव 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होते; त्यामुळे जुन्या गल्ल्यांतील घरांची खते पुष्कळदा मराठीत, त्यांतही मोडीत सापडतात, आणि आजची कचेरी कन्नडमध्ये चालते. जुन्या खतात लांबीरुंदी हातांत किंवा गजांत, तर कार्डावर क्षेत्र चौरस मीटरांत. दोहोंचा मेळ बसेलच असे नाही. म्हणून मोडी जाणणाऱ्याकडून खताचे बाळबोध लिप्यंतर करून घ्यावे आणि चतुःसीमा बारकाईने वाचावी. मधली भिंत कोणाच्या मालकीची, की सामायिक, हे बहुधा तेथेच लिहिलेले असते. एकत्रीकरणाचा अर्ज देण्यापूर्वी दोन्ही मिळकतींची मोजणी करून घेतलेली बरी. अर्ज दिल्यावर तफावत निघाली तर प्रकरण तेथेच अडकते.

दोन्ही कार्डांवर नावे एकच हवीत. पुष्कळ कुटुंबांत गाडे रुतते ते येथे. जुने घर वडिलांच्या नावावर, नवे थोरल्या भावाच्या किंवा त्याच्या पत्नीच्या नावावर, अशी स्थिती सर्रास आढळते. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 हा आपणा जैनांसही लागू आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला. आणि 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. तेव्हा सासरी गेलेल्या बहिणीस वगळून केलेले एकत्रीकरण कच्च्या पायावर उभे राहते. तिला सणाला बोलावून, जेवणानंतर, ‘एवढी एक सही कर’ म्हणून हक्कसोडपत्र पुढे करण्याची रीत आम्हांस मुळीच मान्य नाही. मिळकतीची किंमत काय, तिचा हिस्सा किती, हे तिला आधी सांगावे. मग ती घेईल अथवा सोडील. सोडलाच, तर ते पत्र नोंदणीकृतच असावे लागते. साध्या स्टँपावर लिहून पेटीत ठेवलेला कागद येथे निरुपयोगी.

दुकानाच्या कॅश क्रेडिटपोटी एका घराची खते बँकेत ठेवलेली असल्यास बँकेची लेखी संमती घ्यावी. गहाण मिळकतीत फेरफार झाला तर बँक हरकत घेणारच, आणि तिचे म्हणणे रास्त आहे.

यानंतर नियोजनाचा प्रश्न येतो. एकत्रीकरणास नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे बेळगावात लोक ज्यास ‘बुडा’ म्हणतात त्या संस्थेची मान्यता घ्यावी, आणि बांधकामाचा परवाना महानगरपालिकेकडून. कर्नाटकात या विषयाचा मूळ कायदा 1961 चा आहे. दोन भूखंड जोडल्याने जागेचा विभाग मात्र बदलत नाही. रहिवासी विभागातील दोन घरे एक केली म्हणून मागील अंगास पोत्यांच्या थप्प्या लावण्याची मुभा मिळत नाही; वापर बदलण्याची परवानगी हे निराळेच प्रकरण आहे. आपल्या धंद्यातील कित्येकांच्या मनात तोच हेतू असतो, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

फायदा किती होतो, तोही मोजावा. समजा, प्रत्येकी 30 फूट रुंदीचे दोन भूखंड आहेत व प्रत्येकास दोन्ही बाजूंस 3 फूट जागा मोकळी सोडावी लागते. मग बांधकामास 24 आणि 24 मिळून 48 फूट रुंदी मिळते. जोडल्यावर 60 फुटांतून 6 वजा जाऊन 54. परंतु मोठ्या भूखंडास नियमाने अधिक जागा, समजा 5 फूट, सोडावी लागली, तर उरतात 50. सहा फुटांचा लाभ दोन फुटांवर आला! त्यातून गाड्यांसाठी जागा वाढवून मागितली गेली तर तोही जाईल. आकडे आम्ही नमुन्यादाखल घेतले आहेत. प्रत्यक्ष आकडे भूखंडाच्या मापावर व रस्त्याच्या रुंदीवर ठरतात. नकाशा करणाऱ्याकडून दोन्ही प्रकारे आराखडा काढवून घ्यावा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. एका घराचे सांडपाणी दुसऱ्याच्या बोळातून जात असेल, तर तो सुविधाधिकार दोन्ही घरांची पूर्ण मालकी एकाकडे येताच संपतो. 1882 च्या कायद्यात तसे कलमच आहे. पुढे एक घर विकावयाचे झाल्यास तो हक्क खतात नव्याने लिहावा लागेल. तिसऱ्या शेजाऱ्याचा वहिवाटीचा उजेड वा वाट मात्र तशीच कायम राहते.

दोन मुलगे असतील तर जोडावेच का, याचाही विचार व्हावा. उद्या वाटणी झाली तर दोन कार्डांची दोन घरे सहज देता येतात. एका कार्डाचे पुन्हा दोन करण्यास परवानगीचा तोच फेरा उलट दिशेने करावा लागतो, आणि पोटविभागणीस जागा अपुरी ठरल्यास परवानगी मिळतही नाही. अशा कुटुंबाने, बांधकामतज्ज्ञाचा सल्ला व परवानगी घेऊन, सामायिक भिंतीत एक दार पाडून भागवावे, असे आमचे मत आहे. भार पेलणारी जुनी भिंत नुसत्या गवंड्याच्या भरवशावर फोडू नये.

एकत्रीकरण मंजूर झाल्यावर नवे कार्ड हाती आले की त्याच आधारे पालिकेतील दोन्ही खाती एक करून ई-खाता घ्यावा. नाहीतर घरपट्टीची दोन बिले येत राहतात आणि एकाची थकबाकी चढते. वीजमीटर व नळजोडणीचे अर्ज त्यानंतर. जुनी दोन्ही कार्डे, मोडी खते व त्यांची लिप्यंतरे नव्या कार्डासोबत एकाच फायलीत ठेवावी, आणि ती कोठे आहे हे घरातील स्त्रियांसही सांगून ठेवावे.