दिनकर या नावाची माहिती

आपल्या जासईत 'दिबा' म्हटले की लहान पोरगंसुद्धा ओळखते. दि. बा. पाटील यांचे पूर्ण नाव दिनकर बाळू पाटील. त्यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी आपल्याच गावात झाला. या दिनकर नावाची माहिती मी गोळा केली आहे.

दिनकर हा संस्कृत शब्द आहे. दिन म्हणजे दिवस आणि कर म्हणजे करणारा. दिवस करणारा तो दिनकर, म्हणजे सूर्य. प्रभाकर म्हणजे उजेड करणारा, तोपण सूर्यच. पनवेलकर, अलिबागकर या आडनावांतला 'कर' मात्र निराळा. तो माणसाचे गाव सांगतो. रत्नाकर या नावात तर 'आकर' आहे. आकर म्हणजे खाण. रत्नांची खाण म्हणजे समुद्र.

हे नाव फार जुने आहे. समर्थ रामदासांचे एक शिष्य तिसगावचे दिनकरस्वामी होते. त्यांनी 'स्वानुभवदिनकर' हा ग्रंथ लिहिला. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीही हे नाव होते. उजेडाची नावे परदेशातही असतात. इटलीत मुलीचे नाव लुचिया ठेवतात. ते लॅटिन भाषेतल्या उजेड या अर्थाच्या शब्दावरून आले.

आपले दिबा वकील होते. ते आमदार झाले, खासदारही झाले. नवी मुंबईसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, तेव्हा योग्य मोबदल्यासाठी ते लढले. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यामुळे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. २४ जून २०१३ रोजी दिबा वारले. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे, असा ठराव २०२२ साली विधिमंडळाने केला.

आमच्या वर्गाच्या हजेरीत एकही दिनकर नाही. आदित्य मात्र आहे. आदित्य म्हणजेसुद्धा सूर्य! अर्थ तोच राहिला, शब्द बदलला.

आमच्या घरी आता काकांच्या बाळाचे बारसे आहे. बाळाच्या कानात नाव आत्या सांगणार. मी दिनकर नाव सुचवले. आत्या म्हणते, "जुनं वाटतं रे." मी तिला अर्थ सांगितला, तर ती म्हणाली, "बघू." आजोबांना मात्र नाव पसंत आहे.

तुम्हीपण घरी आपल्या नावाचा अर्थ विचारा आणि वहीत लिहून आणा.