चावा सुजला? पेनाने रेघ मारा
ताईंनो, निंदणीला गेलं की किडा-मुंगी चावतेच. पहिल्या दिवशीची सूज, खाज बहुतेक वेळा आपोआप उतरते. जागा साबण-पाण्याने धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा. हात सुजत असेल तर बांगड्या, अंगठी आधीच काढा. चुना, शेण, तंबाखू लावू नका.

मग लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर पसरतेय, ठणका वाढतोय, पू किंवा ताप आलाय, तर जंतुसंसर्ग असू शकतो. मजुरी बुडेल म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. शुगर असलेल्या ताईंनी तर रेघेचीही वाट पाहू नये.

धाप लागली, ओठ-जीभ सुजली, तर लगेच १०८ ला फोन करा.