अंध निर्यामक आणि आकाशातील दीपगृहे

पाली जातककथांमध्ये ‘सुप्पारक जातक’ ही समुद्रप्रवासाची एक विलक्षण कथा आहे. भरुकच्छ, म्हणजे आजचे भडोच, येथे राहणारा सुप्पारक हा बोधिसत्त्व जहाज चालविणारा कुशल निर्यामक होता. खाऱ्या पाण्याने त्याचे दोन्ही डोळे गेले होते. तरीही सातशे व्यापाऱ्यांनी आपले जहाज त्याच्याच हाती सोपविले. अवेळी वादळ झाले, जहाज चार महिने भरकटले आणि अनोळखी समुद्र लागू लागले. कोठे वस्तऱ्यासारख्या नाकाचे मासे उसळत होते, कोठे पाणी अग्नीप्रमाणे पेटल्यासारखे दिसत होते, तर कोठे ते दह्यासारखे पांढरे होते. व्यापारी दिसेल ते सांगत. सुप्पारक ते आपल्या निर्यामकसुत्ताशी, म्हणजे नौकानयनाच्या शास्त्राशी ताडून पाही आणि समुद्राचे नाव सांगे : खुरमाल, अग्निमाल, दधिमाल.

हे समुद्र कोणत्याही नकाशात नाहीत. ते कल्पनेतील आहेत. परंतु किनारा दिसत नसताना खुणा गोळा कराव्यात, त्या ज्ञात गोष्टींशी ताडून पाहाव्यात आणि मगच आपण कोठे आहोत ते ठरवावे, ही सुप्पारकाची रीत खरी आहे. ‘पल्सार’ या ताऱ्यांचा अभ्यास याच रीतीने झाला.

इ. स. 1967 मध्ये केंब्रिज येथे जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी तपाशीत होती. दररोज सुमारे 30 मीटर लांबीचा कागद तिला डोळ्यांखालून घालावा लागे. त्यात तिला एक बारीकशी विस्कटलेली खूण आढळली. ती खूण आकाशाच्या एकाच भागातून, ताऱ्यांच्या गतीला धरून पुन्हा पुन्हा येत होती. बारकाईने मोजल्यावर दर 1.337 सेकंदांनी एक स्पंद येतो असे दिसले. परग्रहावरील कोणी संदेश पाठवीत असेल काय, अशी गमतीची शंकाही निघाली. परंतु लवकरच आकाशाच्या दुसऱ्या भागात तसाच, निराळ्या कालावधीचा स्पंद तिला सापडला आणि त्या शंकेला आधार उरला नाही. 1974 चे नोबेल पारितोषिक या शोधासाठी तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना मिळाले. मानकऱ्यांत बेल यांचे नाव नव्हते. तरीही ती खूण प्रथम कोणी ओळखली, हे विज्ञानाचा इतिहास विसरलेला नाही.

हे स्पंद कसे निर्माण होतात ते पाहू. सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा कोसळतो आणि बाहेरचे थर स्फोटाने उधळले जातात. गाभ्याचा न्यूट्रॉन तारा बनतो. सूर्याहून अधिक वस्तुमान जेमतेम 20 किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात मावते. फिरता फिरता हात जवळ घेणाऱ्या नर्तकीची गिरकी वेगवान होते, त्याच नियमाने आकसलेला गाभा अतिवेगाने फिरू लागतो. त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून रेडिओ लहरींचे झोत निघतात. चुंबकीय अक्ष भ्रमणाच्या अक्षाशी तिरपा असल्याने हे झोत दीपगृहाच्या प्रकाशाप्रमाणे आकाशात फिरतात. झोत पृथ्वीवरून गेला की आपल्याला एक स्पंद मिळतो. वृषभ राशीतील क्रॅब पल्सार सेकंदाला सुमारे 30 वेळा फिरतो. ज्या स्फोटातून तो जन्मला, त्याची नोंद चिनी निरीक्षकांनी इ. स. 1054 मध्ये केली होती. 1982 मध्ये सेकंदाला 642 वेळा फिरणारा पल्सार सापडला. त्या शोधकांत कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते.

प्रत्येक पल्सारचा कालावधी वेगळा असल्याने तो नेमका ओळखता येतो. प्रकाश एका मिलिसेकंदात 300 किलोमीटर जातो. म्हणून अपेक्षेपेक्षा एक मिलिसेकंद आधी स्पंद आला, तर यान त्या पल्सारच्या दिशेने 300 किलोमीटर पुढे आहे असे समजते. निरनिराळ्या दिशांच्या पल्सारांवरून अशी मोजणी केली की अवकाशातील स्थान निश्चित होते. नोव्हेंबर 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पल्सारांच्या क्ष-किरणांवरून असा प्रयोग झाला आणि स्थान सुमारे 16 किलोमीटरांच्या आत अचूक निघाले.

येथे एक सावधगिरी आम्हांस आवश्यक वाटते. जातककथेत पल्सारांचे ज्ञान दडलेले होते, असे कोणी म्हणू नये. कथा ही कथा आहे आणि मोजमाप हे मोजमाप आहे. दोहोंची गल्लत केल्यास दोहोंचाही अपमान होतो. कथा आपल्याला अज्ञात समुद्रात जाण्याचे धैर्य देते. समुद्र कोणता, हे मात्र पुराव्यानेच ठरते.

नारायणगावजवळील खोडद येथे प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आज पल्सारांचे स्पंद टिपत आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य पाहावी. तोवर हिवाळ्यातील रात्री वसतिगृहाच्या अंगणातून रोहिणी तारा शोधावा आणि तेथून वृषभाच्या शिंगांच्या टोकांकडे नजर न्यावी. क्रॅब पल्सार नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. पण तो तेथे आहे, हे आपल्याला कोणत्या पुराव्यावरून कळले, ते प्रत्येकाने आपल्या शब्दांत वहीत लिहून पाहावे.