शनिवार पेठेत मुलाला ठेवण्याआधी
(गणिताच्या स्पर्धा व इंजिनिअरिंगचे शिक्षण)



ऊस नोंदीसाठी आम्ही बांधावर गेलो की लागण, खोडवा, पाणीपाळी यांची चर्चा होते आणि निघता निघता एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, पोरगं गणितात बरं आहे. दहावी झाली की पुण्याला शनिवार पेठेत खोली घेऊन क्लास लावावा म्हणतो. इंजिनिअर होईल ना?" बिलाचा हप्ता जमा झालेला असतो, सोसायटीचे देणे उभे असते आणि क्लासवाल्याची पावती त्याच पैशातून फाडायची असते. म्हणून या अंकात पिकाऐवजी या प्रश्नावर लिहीत आहोत.

शनिवार पेठेत काय आहे?

शनिवारवाड्यापासून ओंकारेश्वरापर्यंतच्या या पेठेत शिक्षणाची परंपरा जुनी आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची रमणबाग शाळा व मुलींची अहिल्यादेवी शाळा येथेच. अप्पा बळवंत चौक दोन पावलांवर, तिथे नवी-जुनी सर्व पुस्तके मिळतात. कॉट बेसिसवर खोल्या, खाणावळी, अभ्यासिका आहेत. नदीपलीकडे १८५४ साली सुरू झालेले इंजिनिअरिंग कॉलेज आहे. २०२२ पासून ते स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले आहे. लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. प्रा. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली ते स्थापन केले आणि तिथे शाळकरी मुलांची गणित ऑलिम्पियाडची तयारी करून घेतात.

सोय आहे यात शंका नाही. पण भारी बेणे चोपण जमिनीत लावले तर उगवण किती होते, हे आपणास सांगायला नको. जमीन आठवी-नववीत तयार होते, आणि ती घरीच तयार होते.

दोन परीक्षा, दोन वेगळी पिके

पुष्कळ पालक स्पर्धा परीक्षा आणि प्रवेश परीक्षा एकच समजतात. तसे नाही.

प्रवेश परीक्षा : राज्यातील इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी सी.ई.टी. असते. तिचे २०० गुण. पदार्थविज्ञान व रसायन मिळून १०० आणि एकट्या गणिताचे १००. गणिताचे प्रश्न ५०, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण ८० टक्के भाग बारावीचा, २० टक्के अकरावीचा. म्हणजे निम्मा निकाल गणितावर. आय.आय.टी.साठी जे.ई.ई. मेन व नंतर ॲडव्हान्स्ड अशा दोन पायऱ्या आहेत. मेनमध्ये गणिताला ३०० पैकी १०० गुण आहेत आणि तिथे चुकीला गुण कापतात.

गणित ऑलिम्पियाड : पहिली पायरी आय.ओ.क्यू.एम. आठवी ते बारावीच्या मुलांना बसता येते. तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण. अलीकडे ती सप्टेंबरच्या सुरुवातीस होते. नंतर विभागीय परीक्षा, मग राष्ट्रीय, मग शिबिर, आणि शेवटी सहा जणांचा भारतीय संघ. आंतरराष्ट्रीय परीक्षेत दोन दिवसांत फक्त सहा गणिते असतात. रोज साडेचार तास. भारत १९८९ पासून त्यात भाग घेतो. १९९६ साली ती मुंबईत भरली होती. २०२४ साली इंग्लंडात बाथ येथे आपल्या मुलांनी चार सुवर्णपदके घेऊन देशाला चौथा क्रमांक मिळवून दिला.

आता मुद्द्याचे. ऑलिम्पियाडच्या पहिल्या पायरीत पास झाल्याने सी.ई.टी.ला एक गुणही वाढत नाही. आय.आय.टी. कानपूरने २०२५ पासून ऑलिम्पियाडमधून थोड्या जागा भरण्यास सुरुवात केली आहे, पण त्यासाठी राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोचावे लागते. शिवाय ऑलिम्पियाडमध्ये अंकशास्त्र, बीजगणित, भूमिती आणि मोजणीचे प्रकार असतात; कलनशास्त्र नसते. जे.ई.ई. व सी.ई.टी.त कलनशास्त्राचा मोठा वाटा आहे. तेव्हा "ऑलिम्पियाड केलं म्हणजे इंजिनिअरिंग पक्कं" असे कोणी सांगितले तर मान डोलवू नका.

मग स्पर्धेचा उपयोग काय?

उपयोग मोठा आहे, पण तो आडसालीसारखा उशिरा हाती येतो. स्पर्धेमुळे मुलाला 'का?' विचारायची सवय लागते. उदाहरण घ्या.

द. रा. कापरेकर हे डहाणूला १९०५ साली जन्मलेले गणिती. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांनी स्वतंत्र गणिती कामासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवले. पुढे जन्मभर देवळालीला शाळामास्तर. त्यांनी दाखवलेली गंमत घरी करून पाहा. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा :

५४३२ – २३४५ = ३०८७
८७३० – ०३७८ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४

६१७४ ला तीच क्रिया करा, पुन्हा ६१७४ च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचता येते.

वजाबाकी चौथीतलं पोरही करील. स्पर्धेतला प्रश्न असा असतो : प्रत्येक वजाबाकीला ९ ने भाग का जातो? अंक अ, ब, क, ड माना. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड आणि लहान संख्या १०००ड + १००क + १०ब + अ. वजाबाकी ९९९(अ–ड) + ९०(ब–क). दोन्ही पदांना ९ ने भाग जातो, म्हणून उत्तरालाही जातो. हे ज्या मुलाने आठवीत स्वतः शोधले, त्याला बारावीचे गणित पाठ करावे लागत नाही.

बांधावरचे गणित

साडेचार फुटी सरी, दोन फुटांवर रोप. एका रोपाला ९ चौरस फूट. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. भागाकार केला की ४,८४० रोपे. हे आपण तोंडी सांगता. आता मुलाला विचारा : सरी पाच फुटी केली, रोपे तेवढीच ठेवायची, तर अंतर किती? उत्तर १.८ फूट. हे व्यस्त प्रमाण आहे. फी काही नाही, फक्त बापाने शेजारी बसायला पाहिजे.

नीरा कालव्यावरच्या जुन्या मंडळींना ब्लॉक पद्धत ठाऊक आहे. ती १८९९ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी आणली. ते वडिलांविना वाढले, म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले आणि १८८३ साली पहिले आले. आपले पाणी वाटण्यामागेही असे कोणाचे तरी गणित उभे आहे.

पैसा कुठे लावावा

१) आठवी-नववीत : एन.एम.एम.एस. आणि एखादी गणित स्पर्धा. एन.एम.एम.एस. मिळाल्यास बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये येतात. आठवीत, अनुदानित वा सरकारी शाळेत असताना ती द्यावी लागते. उत्पन्नाची अट पाहावी.

२) दहावीनंतर : बारावीचाच रस्ता आहे असे नाही. तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते.

३) कॉलेज पुण्यातच हवे असे नाही. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदान कॉलेजांना परवानगी दिली आणि लोणी, कोपरगाव, साखराळे, वारणानगर येथे साखरेच्या पट्ट्यातच इंजिनिअरिंग कॉलेजे उभी राहिली. ती आपल्यासारख्यांच्या मुलांसाठीच होती.

४) मुलींना मागे ठेवू नका. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना, प्रवेश सरकारी फेरीतून असल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलगा असो वा मुलगी, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याचीही चौकशी करावी.

५) एवढे करूनही मूल गणितात रमत असेल, तर मग शनिवार पेठेतली खोली जरूर बघा. पण मूल रडत-कुढत गणित करीत असेल, तर सोसायटीचे कर्ज काढून त्याला तिथे पाठवू नका. मूल दुसऱ्या कामात हुशार असेल, ते शोधा.

तरी सभासदांनी या हंगामात ऊस नोंदीला येताना मुलांचे गणिताचे वही-पुस्तकही एकदा उघडून पाहावे, ही विनंती.

— ऊस विकास विभाग