अपडेटनंतर आवाज गेला, अक्षरे धूसर झाली

प्रश्न : विंडोज १० वरून ११ वर गेल्यापासून लॅपटॉपला आवाज नाही. स्क्रीनवरची अक्षरेही मोठी आणि धूसर दिसतात. लॅपटॉप बिघडला का?
– एक वाचक, वारजे, पुणे

उत्तर : घाबरू नका, लॅपटॉप बहुधा ठणठणीत आहे. अपडेटमध्ये कधीकधी कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसतो.

आधी टास्कबारवरील आवाजाच्या चिन्हातून स्पीकरच निवडला आहे ना, ते पाहा. एचडीएमआयने मॉनिटर जोडला असेल, तर आवाज तिकडे वळलेला असू शकतो. मग स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले अडॅप्टर्सखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसले, तर दुखणे सापडले. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचे ग्राफिक्स आणि ऑडिओ ड्रायव्हर घ्या आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा.

तरीही जमले नाही, तर अपग्रेडपासून १० दिवसांत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून विंडोज १० वर परतता येते. मात्र त्या आवृत्तीचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, म्हणून हा मार्ग तात्पुरताच समजा.

दुरुस्तीच्या दुकानात फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप जरूर घ्या. ड्रायव्हर पुन्हा मिळतो, पुसलेले फोटो मिळतीलच असे नाही.