कॉम्प्युटर घेताय? आधी अर्थिंग तपासा

लोणावळ्यात घरबसल्या चिक्कीच्या ऑर्डरी किंवा होमस्टेचं बुकिंग सांभाळणार असाल, तर कॉम्प्युटर हेच तुमचं दुकान. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मग बहुधा अर्थिंग पोचलेलंच नाही. तेव्हा पत्र्यावर ११५ व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो.

व्हिडिओतले आकडे लिहून घ्या. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, मल्टीमीटर एसी व्होल्टवर. फेज-न्यूट्रल साधारण २३०. फेज आणि वरचं मोठं भोक, जवळपास तेवढंच. न्यूट्रल आणि मोठं भोक, लोड चालू असताना २-३ च्या आत. लोड असूनही चक्क शून्य आलं तर खूश होऊ नका, वायरमनला सॉकेट उघडायला लावा. काही जण आतच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. हा जुगाड जीवघेणा आहे. न्यूट्रल तुटली की पत्र्यावर फेज येते.

आकडे बरोबर आले तरी अर्थिंगचा खड्डा चांगला आहे असं नाही. आपल्या मावळात बऱ्याच ठिकाणी थोडं खणलं की काळा पाषाण लागतो. पावसाळ्यात माती ओली, सगळं छान. एप्रिल-मेमध्ये ती सुकते आणि रोध वाढतो. म्हणून अर्थ टेस्टरने मोजणी उन्हाळ्यातच करून घ्या, खड्ड्यात पाणी घालत राहा.

महागडा स्पाइक बोर्डसुद्धा अर्थिंगशिवाय अर्धाच कामाचा. वीज कडाडायला लागली की सरळ प्लग काढा, इंटरनेटची तारही. आणि गाळा भाड्याचा असेल तर अर्थिंगचा खर्च कोणाचा, ते करारातच लिहून घ्या.