आमवाताची औषधे : दुष्परिणाम आणि दक्षता

आमवात, म्हणजे वैद्यकीय परिभाषेतील ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा उतारवयातील गुडघेदुखीहून निराळा विकार आहे. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बोटे, मनगटे व पावले यांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात आणि सकाळी तासभर मूठ वळत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दोन ते तीन पट आढळते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या ग्रामीण सर्वेक्षणात दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकास हा विकार आढळला. मासळी निवडणारी, भात लावणारी वा सुपारी सोलणारी भगिनी हातांवरच संसार चालवते. तिच्या दृष्टीने हा आकडा लहान नाही.

या विकारात सांध्यांची झीज पहिल्या दोन-तीन वर्षांतच वेगाने होते. म्हणून औषधे लवकर सुरू करून दीर्घकाळ घ्यावी लागतात. येथेच दोन प्रकारच्या चुका घडतात. कोणी दुष्परिणामांच्या भीतीने औषध परस्पर बंद करतो, तर कोणी बरे वाटते म्हणून तीच जुनी चिठ्ठी दाखवून तपासणीविना वर्षानुवर्षे गोळ्या घेतो. या औषधांचे बहुतेक गंभीर दुष्परिणाम रुग्णास जाणवण्यापूर्वी रक्ततपासणीत दिसतात, हे ध्यानी घेतले तर दोन्ही चुका टळू शकतात.

मेथोट्रेक्सेट : आठवड्यातून एकदाच

आमवाताच्या उपचाराचा पाया म्हणजे मेथोट्रेक्सेट. पेशींच्या वाढीस लागणाऱ्या फोलिक आम्लाच्या कार्यात ते अडथळा आणते. या फोलिक आम्लाचा इतिहास आपल्या शेजारच्या मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ नंतरच्या काळात डॉ. ल्यूसी विल्स यांनी मुंबईत गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फोलिक आम्ल होय, हे पुढे सिद्ध झाले. आज मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णास फोलिक आम्लाची गोळीही दिली जाते. तिच्यामुळे तोंड येणे, मळमळ व यकृतावरील ताण कमी होतो.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यावयाचे असते. ही गोळी आणि फोलिक आम्लाची गोळी, दोन्ही बहुधा लहान व पिवळ्या असतात. पुढील प्रसंग कोणत्याही घरी घडू शकतो. मुलगा मुंबईहून औषधे आणून देतो, आईला अक्षर वाचता येत नाही आणि इतर गोळ्यांप्रमाणे ही गोळीही ती रोज घेऊ लागते. आठ-दहा दिवसांत तोंडात फोड येतात, घास गिळवत नाही, ताप भरतो. उष्णता वाढली असे समजून घरचे सब्जाचे पाणी देतात. प्रत्यक्षात तिच्या अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे थांबत आलेले असते. अशा चुकीने जगभर रुग्ण दगावले आहेत. तेव्हा पाकिटावर वाराचे नाव ठळक लिहावे, दोन्ही गोळ्या वेगळ्या डब्यांत ठेवाव्यात आणि घरातील एका व्यक्तीने ही जबाबदारी घ्यावी.

मेथोट्रेक्सेट सुरू करण्यापूर्वी रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड यांची तपासणी करतात. पहिले तीन महिने ती दर दोन ते चार आठवड्यांनी, नंतर साधारणतः दर तीन महिन्यांनी पुन्हा करावी. माडी असो वा दारू, मद्य यकृतास घातक ठरते, म्हणून ते वर्ज्य करावे. कोरडा खोकला व धाप लागल्यास त्वरित दाखवावे, कारण क्वचित फुप्फुसांवर परिणाम होतो. कोट्रायमोक्साझोल हे जंतुनाशक यासोबत धोकादायक आहे, म्हणून ताप-जुलाबासाठी कोणत्याही दवाखान्यात गेल्यास मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे प्रथम सांगावे. गर्भावर या औषधाचा गंभीर परिणाम होतो. म्हणून अपत्याचा विचार असल्यास काही महिने आधीच डॉक्टरांना कल्पना द्यावी.

इतर औषधे

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे तुलनेने सौम्य औषध आहे. मात्र अनेक वर्षे घेतल्यास डोळ्याच्या पडद्यास इजा होऊ शकते आणि झालेली इजा भरून येत नाही. सुरुवातीस एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी नेत्रतपासणी करावी. सल्फासालाझिनने लघवी केशरी होते, त्यास भिण्याचे कारण नाही. परंतु अंगावर पुरळ उठल्यास औषध थांबवून लगेच दाखवावे. लेफ्लुनोमाइडने जुलाब व रक्तदाबवाढ होऊ शकते. ते शरीरात दीर्घकाळ राहते, म्हणून तरुण स्त्रियांनी अधिक दक्ष असावे.

स्टेरॉइडची कथा वेगळी आहे. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णास प्रथम कॉर्टिसोन दिले. अंथरुणास खिळलेले रुग्ण चालू लागले आणि १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मागोमाग मधुमेह, ठिसूळ हाडे, मोतीबिंदू, सुजलेला चेहरा व जंतुसंसर्ग हे दुष्परिणामही समोर आले. म्हणून हे औषध अल्प मात्रेत व शक्य तितक्या कमी काळासाठी देतात. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद केल्यास जीवावर बेतू शकते. दोन दिवसांत सर्व वेदना घालविणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. अशी पुडी घेत असल्यास संकोच न करता सांगावे.

वेदनाशामक गोळ्या दुखणे शमवितात, मात्र सांध्यांची झीज रोखत नाहीत. उपाशीपोटी व सतत घेतल्यास जठरात व्रण, मूत्रपिंडास इजा व रक्तदाबवाढ संभवते. जैविक औषधे व टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्या देण्यापूर्वी शरीरात सुप्त क्षयरोग नाही ना, याची तपासणी आवश्यक असते. त्यांच्यामुळे दबलेला क्षयरोग उफाळू शकतो, तसेच नागीणही उठू शकते.

पावसाळ्यातील विशेष काळजी

पावसाळ्यात गेटवे ते मांडवा ही लाँचसेवा बंद असते आणि शेतीची कामे ऐन भरात असतात. त्यामुळे मुंबईत उपचार घेणाऱ्यांच्या तपासण्या नेमक्या याच काळात चुकतात. त्याच दिवसांत चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णाने ताप, जुलाब वा उलट्या सुरू झाल्यास त्या आठवड्याची मात्रा घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. शरीरातील पाणी कमी होऊन मूत्रपिंडे मंदावली, तर औषध साचून त्याची विषबाधा होते. नेहमीच्या रक्ततपासण्या जवळच्या प्रयोगशाळेत करून अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखविता येतात.

पुढील लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये :
१. तोंडात फोड, घशात दुखणे, ताप
२. डोळे वा लघवी गडद पिवळी होणे
३. काळी शौचास होणे, रक्ताची उलटी
४. अकारण काळेनिळे डाग, नाकातून रक्त
५. धाप, सततचा कोरडा खोकला
६. अंगभर पुरळ, अंधुक दिसणे

प्रत्येक रुग्णाने एक वही ठेवावी. तीत औषधाचे नाव, मात्रा, वार आणि तपासणीचे आकडे लिहावेत व प्रत्येक भेटीस ती सोबत आणावी. औषधाविषयी शंका आल्यास ते मनाने सोडण्याऐवजी विचारण्यास यावे. वेळेवर घेतलेले औषध आणि वेळेवर केलेली तपासणी यांच्या जोरावर आमवाताचे असंख्य रुग्ण आज आपल्या हातांनी आपले काम करीत आहेत.